तळे कुणाचे, माती कुणाची?

२०१९ सालच्या जून महिन्यात भाषांतराच्या कामानिमित्त चेन्नईत असताना शेतमजुरांत काम करणाऱ्या साथींबरोबर चेंगलपट्टु भागातील एका खेड्यात जाण्याचा योग आला. गावाच्या एका अंगाला एका बड्या शेतकऱ्याच्या खासगी जमिनीत पोकलेन यंत्र शेततळे खोदीत होते. दुसऱ्या अंगाला गावाची जुनी ‘एरी’, म्हणजे मातीचा लांबलचक बांध घालून अडविलेला सामायिक तलाव, कोरडी ठणठणीत पडली होती. तिच्या बांधावर कुदळी आणि घमेली घेऊन तीस-पस्तीस बायका बसल्या होत्या. ‘नूरु नाळ वेलै’, शंभर दिवसांचे काम, असे ज्याला तमिळनाडूतील खेडूत म्हणतात त्या रोजगार हमीच्या कामाची हजेरी लागण्याची त्या वाट पाहत होत्या. त्यांच्यातील एका म्हातारीने यंत्राकडे बोट दाखवून आम्हाला दोन प्रश्न विचारले. पहिला : “तोळर, ते तर तीन दिवसांत खोदून मोकळे होईल, मग आम्ही काय खोदायचे?” आणि दुसरा : “त्यात पाणी आले म्हणजे आम्हाला घागर भरू देतील का?”

‘तोळर’ म्हणजे कॉम्रेड. बरोबरच्या साथीने प्रश्नांचे भाषांतर करून सांगितले, पण उत्तर कोणीच दिले नाही. तळी खोदण्याच्या प्रश्नावर देशभर आज जे चऱ्हाट वळले जाते त्यात हे दोन प्रश्न नेमके गाळले जातात, आणि आपल्याही कित्येक साथींच्या बोलण्यात यांपैकी पहिलाच तेवढा येतो, दुसरा येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

हिशेब मांडून पाहू

महाराष्ट्रात शेततळ्याचा जो मोठा आकार सर्वांच्या परिचयाचा आहे तो घ्या : वर तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. बाजूंना पुरेसा उतार ठेवला तर अशा तळ्यातून सुमारे २,२०० घनमीटर माती निघते. एका माणसाने कुदळीने खणून, घमेल्याने वाहून, काठावर टाकून दिवसाला दोन घनमीटर माती काढली असे धरले, आणि मुरूम लागला की तेवढेही होत नाही, तरी हे काम ११०० मनुष्यदिवसांचे होते. म्हणजे शंभर दिवसांच्या हमीच्या हिशेबाने अकरा कुटुंबांचा वर्षाचा रोजगार. मऊ जमीन असेल तर मोठे पोकलेन हेच काम तीन-चार दिवसांत उरकते. त्यासाठी लागतो एक चालक, एक मदतनीस, डिझेल आणि यंत्राच्या मालकाला द्यावयाचे तासाचे भाडे.

या हिशेबाकडे पाहून दोन प्रकारचे लोक दोन प्रकारचे निष्कर्ष काढतात. एक म्हणतात : बघा, विज्ञानाची केवढी ही किमया! आता कुदळ-घमेल्याचे युग संपले. दुसरे म्हणतात : बघा, यंत्राने अकरा कुटुंबांच्या तोंडचा घास काढून घेतला, यंत्र गावाबाहेर हाकलून लावा. दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे, आणि अर्धवट सत्याचा फायदा नेहमी ज्याच्या हाती मालकी असते त्यालाच होतो.

यंत्राला आमचा विरोध आहे काय?

नाही. ही गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली पाहिजे. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडातच स्पष्ट केलेला आहे. यंत्र श्रम हलके करते. यंत्राची मालकी श्रमिकाला निरुपयोगी ठरविते. चेन्नईकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही, कारण ही माती उपसणारी यंत्रे चेन्नईच्या अंगणातच तयार होतात. तिरुवळ्ळूरला कॅटरपिलरचा कारखाना आहे, ओरगडमला कोमात्सुचा आहे. त्या यंत्रांच्या पोलादाला आकार देणारे हात कामगारवर्गाचेच आहेत. आपल्याच वर्गाने घडविलेल्या वस्तूला आपण शत्रू मानावयाचे काय?

आणि ज्यांना घमेल्याच्या श्रमाचा गहिवर येतो त्यांनी १९७२ चा दुष्काळ आठवावा. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी! तान्ही पोरे बाभळीच्या सावलीत फडक्यात बांधून आया उन्हातान्हात खडी फोडीत होत्या. त्या श्रमातून आणि त्यासाठी झालेल्या मोर्च्यांतून, घेरावांतून रोजगार हमीचा हक्क जन्माला आला. योजना १९७२ मध्ये सुरू झाली, कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि १९७९ मध्ये अमलात आला. तो हक्क आपल्याला प्रिय आहे. डोक्यावरचे घमेले प्रिय नाही. त्या बायका खडी फोडण्याचा आनंद लुटण्यासाठी तेथे गेल्या नव्हत्या, घरात ज्वारीचा दाणा नव्हता म्हणून गेल्या होत्या. हक्काचे रक्षण करताना आपण कष्टाचे देव्हारे माजवू लागलो, तर उद्या त्यांच्याच नाती आपल्याला हसतील, आणि रास्तपणे हसतील.

परंतु सत्ताधारी जेव्हा कष्टकऱ्यांचे ओझे हलके करण्याच्या गोष्टी बोलू लागतात तेव्हा त्यांचीही परीक्षा घेतली पाहिजे. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने ठेकेदारांना मज्जाव केला होता, आणि मजुरांना कामावरून हुसकावणारी यंत्रे शक्य तो वापरू नयेत असे बजावले होते. तमिळनाडूत या कायद्याखाली झालेल्या दर दहा मनुष्यदिवसांपैकी आठांहून अधिक दिवस स्त्रियांनी भरले. याच कायद्याची २०१५ साली लोकसभेत देशाच्या पंतप्रधानांनी खड्डे खोदण्याचा कायदा म्हणून हेटाळणी केली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ लिहिले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकला आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद केली. म्हणजे ज्या दिवसांत मजुराला बड्या शेतकऱ्याशी मजुरीचा सौदा ताठ मानेने करता आला असता, नेमके त्याच दिवसांत त्याच्या हातचा पर्याय काढून घेण्याची ही सोय आहे. बाईने खोदला तर खड्डा आणि पोकलेनने खोदला तर विकास, असा हा न्याय आहे!

“मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र लावावे लागते,” असे एक पालुपद सर्वत्र ऐकू येते. मजूर मिळत नाहीत म्हणजे काय? कोणत्या मजुरीला मिळत नाहीत? त्या दिवशी एरीच्या बांधावर तीस-पस्तीस बायका हजेरीची वाट पाहत बसल्या होत्या आणि हाकेच्या अंतरावर यंत्र चालले होते. न मिळणारे मजूर ते हेच!

जुन्या काळाची सुरस कथा

आता दुसऱ्या पक्षाचा समाचार घेऊ. चेन्नईच्या वर्तमानपत्रांतून, परिसंवादांतून एक शब्द वारंवार कानी पडतो : ‘कुडिमरामत्तु’. भाषांतर करताना या शब्दापाशी मी बराच वेळ अडखळलो. ‘कुडि’ म्हणजे रयत; आणि ‘मरामत्तु’ म्हणजे आपलीच ‘मरामत’, दुरुस्ती. रयतेने एकत्र येऊन तलावाचा गाळ काढावा, बांध दुरुस्त करावा, पाट साफ करावा, अशी ती जुनी रीत. तमिळनाडूतील सुमारे ३९,००० तलाव या रीतीनेच टिकले, इंग्रज आले आणि सगळे बिघडले, अशी ही कथा सांगितली जाते.

इंग्रजांबद्दलचा भाग खराच आहे. सार्वजनिक बांधकाम हे आशियातील राज्यसत्तांचे एक प्रमुख खाते होते आणि इंग्रजांनी नेमके त्याचीच उपेक्षा केली, असे मार्क्सने १८५३ सालीच लिहिले होते. पण ‘रयत’ म्हणजे कोण? चेन्नईपासून जवळच, कांचीपुरम जिल्ह्यात उत्तिरमेरूर येथे दहाव्या शतकाच्या आरंभीचे चोळकालीन शिलालेख आहेत. गावाच्या कारभारासाठी नेमावयाच्या समित्यांत एक ‘एरी वारियम’, तलावाची समिती, होती असे त्यांत नोंदलेले आहे. त्यावरून आपल्याकडे लोकशाही किती प्राचीन याचे गोडवे गायले जातात. पण त्या समितीवर जाण्यासाठी स्वतःची करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेत बांधलेले घर हवे आणि वेदांचे ज्ञान हवे, हेही त्याच दगडावर कोरलेले आहे. तलावाच्या तूमाचे दार उघडणारा, पावसाच्या रात्री बांधावर जागणारा ‘नीरकट्टी’ बहुतेक गावांत दलित असे. पाणी कोणाच्या शेतात किती सोडायचे हे त्याच्या हातांना ठाऊक. पण ते ठरविणारे तोंड दुसऱ्याचे. आणि इंग्रजांना हा श्रम हवासा वाटला तेव्हा त्यांनी १८५८ साली मद्रास इलाख्यात सक्तीच्या श्रमाचा कायदाच करून टाकला. कुडिमरामत्तु ही सहकाराची परंपरा होती तशीच ती वेठीचीही होती.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. खानदेशातील फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या होतेच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव ही तर एरीची सख्खी भावंडे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराचा जुलूम गेला हे उत्तमच झाले. पण त्याच्या जागी देखभाल करणारी लोकांची संस्था कोणी उभी केली नाही, आणि तलाव गाळाने भरत गेले. धडा असा की जुनी संस्था मोडणे पुरेसे नाही. नवी आणि लोकशाही संस्था उभारावी लागते.

२०१७ मध्ये तमिळनाडू सरकारने कुडिमरामत्तु हेच नाव घेऊन नवी योजना सुरू केली. पहिल्या टप्प्याला १०० कोटी रुपये दिले. खर्चाचा दहावा हिस्सा लाभधारक शेतकऱ्यांच्या संघांनी श्रम, साहित्य किंवा पैशाच्या रूपाने द्यावयाचा आणि कामही त्यांनीच करावयाचे, अशी तिची आखणी. लाभधारक म्हणजे तलावाखाली ज्याची जमीन आहे तो. भूमिहीनाला उत्तिरमेरूरच्या समितीत जागा नव्हती, आणि हजार-अकराशे वर्षांनंतर या संघांतही त्याला जागा मिळाली नाही. श्रमाच्या जागी यंत्रे मात्र आली.

माती जाते कुठे?

आता त्या म्हातारीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. यंत्राची चर्चा करताना आपण खड्ड्याकडे पाहतो. निघालेल्या मातीकडे आणि साठणाऱ्या पाण्याकडे पाहत नाही.

तलावाचा गाळ हे खत आहे. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात नदी-नाल्यांतला आणि तलावांतला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्यावा, आणि रिकाम्या बसलेल्या शिपाई-पोलिसांकडून जागोजागी बांध घालून पाणी जमिनीत मुरवावे, अशा मागण्या केलेल्या आहेत. आज गाळ फुकट नेण्याची परवानगी दोन्ही राज्यांत मिळाली आहे. पण महाराष्ट्रात २०१७ साली धरणांतील गाळ काढण्याची योजना आली तेव्हा यंत्राने गाळ काढून देण्याची सोय झाली आणि वाहतुकीचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या माथी राहिला. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याच्या शेतात गाळ पोचला. ज्याच्याकडे एकरभर खडकाळ जमीन आहे तो काठावर उभा राहून बघत राहिला.

चेन्नईच्या परिसरात गोष्ट याहूनही पुढे गेली. येथे मातीला वीटभट्टीत भाव आहे आणि त्याहून अधिक भाव भरावाला आहे. शहर वाढते, सखल जमिनी भरून प्लॉट पाडले जातात, त्यासाठी ‘सवुडु’ म्हणजे हलकी माती लागते. तलाव खोल करण्याच्या नावाखाली निघालेली माती या धंद्यात जाते. एका तलावाच्या पोटातून काढलेल्या मातीने दुसरी पाणथळ जमीन बुजवावयाची, असा हा धंदा आहे. शहराचा इतिहासही हेच सांगतो. त्यागरायनगर हे १९२० च्या दशकात जुना लाँग टँक तलाव बुजवून वसविले गेले. वळ्ळुवर कोट्टम १९७६ मध्ये नुंगंबाक्कमच्या तलावाच्या जागेवर उभे राहिले. आता ही बुजवाबुजव यंत्राच्या गतीने होते, एवढाच फरक.

आणि जेथे मातीला भाव असतो तेथे तलाव हवा तितका नव्हे, विकता येईल तितका खोल खोदला जातो. तलावाच्या तूमाचा उंबरठा ज्या पातळीवर असतो तिच्याखाली साठलेले पाणी आपोआप वाहून शेतात जात नाही. ते उपसावे लागते. म्हणजे त्या पातळीखाली खोदलेला प्रत्येक मीटर हा ज्याच्याकडे पंप आहे त्याच्या पदरात पडतो. पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गरीब शेतकऱ्याला त्यातला थेंब मिळत नाही. हीच गोष्ट आपल्याकडच्या नाला खोलीकरणाची. २०१४ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात जलयुक्त शिवार योजना सुरू झाली आणि गावोगाव जेसीबी घरघरू लागले. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला : ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले, पण गावाची पाण्याची गरज भागविण्यावर आणि भूजलाची पातळी वाढविण्यावर फारसा परिणाम झाला नाही. यंत्र वेगाने चालले. विचार चाललाच नाही.

खासगी तळे, सामायिक तहान

राहता राहिले शेततळे. कोरडवाहू शेतकऱ्याने पावसाचे पाणी अडवून एखादी पाळी द्यावी, पीक वाचवावे, याला कोण नाव ठेवील? पण २०१६ साली महाराष्ट्रात ‘मागेल त्याला शेततळे’ आले तेव्हा मागणाऱ्याकडे सर्वसाधारणपणे किमान ०.६० हेक्टर जमीन असावी लागे आणि अनुदानाची मर्यादा ५०,००० रुपये होती. तीस बाय तीसच्या तळ्यालाच नऊ गुंठे जमीन जाते. दोन एकरवाल्याने ती कोठून आणावी? ज्यांनी मोठी तळी खोदली त्यांच्यापैकी अनेकांनी ती पावसाच्या पाण्याने भरलीच नाहीत. तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला, विहिरी आणि विंधन विहिरी उपसून तळी भरली आणि उन्हाळ्यात द्राक्ष-डाळिंबाच्या बागा जगविल्या. भूगर्भातील पाणी सर्वांचे होते. ते वर काढून प्लास्टिकमध्ये ठेवल्याबरोबर ते एकाचे झाले, आणि त्यातले कितीतरी उन्हाने उडून गेले. पाण्याचे खासगीकरण करण्याची याहून सोपी युक्ती भांडवलशाहीला अजून सापडलेली नाही.

याचा शेवट काय होतो हे आपण दोनदा पाहिले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोचली. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून २५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी चेन्नईला पोचली, कारण पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेम्बरम्बाक्कम हे शहराचे चारही जलाशय आटले होते. आणि हेच चेन्नई शहर त्याआधी साडेतीन वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१५ मध्ये, पुरात बुडाले होते. जे शहर एका साली बुडते आणि काही वर्षांत तहानेने तडफडते त्याला पावसाने दगा दिला असे कसे म्हणावे? दगा तलाव गिळणाऱ्यांनी दिला. लातूरकराला आणि चेन्नईकराला एकमेकांची भाषा कळत नाही, पण दोघांची रिकामी घागर एकच आहे.

मग आपली भूमिका काय?

यंत्र हाकलून लावा, ही आपली घोषणा असू शकत नाही. यंत्र कोणाच्या हुकमाने, कोणाच्या जमिनीत, कोणासाठी चालते, हा आपला प्रश्न आहे. त्यातून पुढील मागण्या आपोआप निघतात.

पहिली : सामायिक तलावांवर सार्वजनिक पैसा आधी खर्च झाला पाहिजे. खासगी शेततळ्याला अनुदान द्यावयाचे तर ते लहान कोरडवाहू शेतकऱ्याला, पावसाच्या पाण्याने भरण्याच्या अटीवर. आणि जेथे शक्य असेल तेथे चार-पाच शेतकऱ्यांचे मिळून एक तळे.

दुसरी : यंत्रे ठेकेदाराची नकोत, सार्वजनिक हवीत. हे स्वप्नरंजन नव्हे. तमिळनाडूचे कृषी अभियांत्रिकी खाते बुलडोझर आणि खोदाई यंत्रे ठरलेल्या तासाच्या दराने शेतकऱ्यांना भाड्याने देत आले आहे. ही सोय प्रत्येक तालुक्यात पुरेशा यंत्रांनिशी उभी करा, चालकांना खात्याचे नोकर म्हणून घ्या. आज जे चालक दिवसरात्र पाळी करून यंत्राच्याच सावलीत झोपतात तेही आपल्याच वर्गाचे आहेत. त्यांची संघटना बांधणे हे आपले काम आहे.

तिसरी : कठीण खडक आणि खोल खोदाई यंत्राने करा, पण बांधाची दुरुस्ती, दगडी पिचिंग, तूम, पाट आणि पाणलोटातील झाडोरा, ही वर्षानुवर्षांची कामे मजुरांना हमीने, पुऱ्या मजुरीने द्या. यंत्र आले म्हणून मजुरीचे दिवस कमी होता कामा नयेत. यंत्राने वाचविलेले श्रम हे मजुराच्या विश्रांतीत उतरले पाहिजेत, त्याच्या उपासमारीत नव्हे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : तलावाच्या समितीवर भूमिहीनाला आणि स्त्रियांना हक्काची जागा हवी. गाळात त्यांचा वाटा हवा, मासेमारीचा हक्क हवा, आणि किती खोल खोदावयाचे, माती कोठे जाणार याचा हिशेब ग्रामसभेपुढे मोजमापासह मांडला गेला पाहिजे.

या मागण्यांतील एकही गोष्ट विनवणीने मिळणारी नाही. रोजगार हमीचा कायदाही विनवणीने मिळाला नव्हता. आपल्या शाखांनी या उन्हाळ्यात एक साधे काम करावे. आपल्या गावात जेथे जेथे यंत्र तळे खोदीत असेल तेथे जावे, टेप घेऊन खड्डा मोजावा, ट्रॅक्टर कोठे जातात ते पाहावे, काम कोणाच्या नावावर आहे याचा कागद मागावा. आणि मग बांधावर बसलेल्या बायकांना जाऊन भेटावे.

तमिळनाडूतील त्या म्हातारीला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. परतताना बरोबरचा साथी एवढेच म्हणाला, “तिचा पहिला प्रश्न आपण नेहमी मोर्च्यात घेऊन जातो, दुसरा तिने आज प्रथमच विचारला असे नाही, आपण तो आज प्रथमच ऐकला.” हे दोन्ही प्रश्न एकाच मागणीपत्रात, एकाखाली एक लिहिले गेले पाहिजेत. मराठीत आणि तमिळमध्येही.